दोष कोणाचा? हाँगकाँगच्या मारधाडपटांची डीव्हीडी पारखताना

सिंगापूरला नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने २००३ मध्ये सुट्टीवर येताना जॉन वू यांच्या ‘द किलर’ची हाँगकाँगमध्ये निघालेली डीव्हीडी आणली. रात्री जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. चर्चमधल्या शेकडो मेणबत्त्यांनी सिनेमा सुरू झाला, पण त्या मेणबत्त्या राखाडी होत्या. चित्रात रंगच नव्हता, वर ते सारखं वरवर सरकत होतं. “फसवलं रे तुला दुकानदारानं,” असा निकाल देऊन आम्ही झोपायला गेलो. डिस्क दोन महिने कपाटात पडून राहिली. मग एका मित्राने प्लेअरच्या मेनूत शिरून ‘टीव्ही सिस्टिम’ पुढचा एक पर्याय बदलला आणि त्याच ज्योती पिवळ्याधमक पेटल्या. डिस्क एनटीएससी पद्धतीची होती, आमचा जुना टीव्ही फक्त पाल ओळखणारा. फसवणूक कोणीच केली नव्हती.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. डीव्हीडीत काही खटकलं की आधी विचारायचं, दोष कोणाचा? संशयित नेहमी चार असतात. पहिला खुद्द सिनेमा, कारण तो मुळातच तसा चित्रित झालेला असू शकतो. दुसरी, ज्या प्रिंटवरून किंवा टेपवरून डिस्क बनवली ती मूळ प्रत, म्हणजे मास्टर. तिसरा डिस्क तयार करणारा. चौथे आपण, म्हणजे आपला प्लेअर, टीव्ही आणि स्पीकर. डीव्हीडीची पारख म्हणजे या चौघांतला नेमका गुन्हेगार शोधणं. परदेशी डिस्कच्या बाबतीत हे काम अवघड होतं, आणि मारधाडपट असेल तर आणखी अवघड. का, ते पुढे येईलच.

आधी पाठ वाचा

डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. स्टुडिओंनी जगाचे सहा तुकडे करून प्रत्येकाला रीजनचा क्रमांक दिला. अमेरिका व कॅनडा १, पश्चिम युरोप आणि जपान २, हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया आणि आग्नेय आशिया ३, भारत ५, चीन ६. हाँगकाँगच्या पुष्कळ डिस्क रीजनचं बंधन नसलेल्याही असत, आणि आपल्याकडचे अनेक प्लेअर रिमोटची ठरावीक बटणं दाबली की सगळ्या रीजनना दार उघडत. त्यामुळे रीजन हा कुलपाचा प्रश्न आहे, दर्जाचा नाही.

दर्जाशी संबंध आहे तो चित्राच्या पद्धतीचा. एनटीएससी डिस्कमध्ये चित्र ७२० बाय ४८० ठिपक्यांचं असतं, पाल डिस्कमध्ये ७२० बाय ५७६. हाँगकाँगचं टीव्ही प्रसारण पाल असूनही तिथल्या बहुतेक डीव्हीडी एनटीएससीच निघत. ब्रिटनमधल्या ‘हाँगकाँग लेजंड्स’ या नाममुद्रेच्या डिस्क मात्र पाल. कागदावर पाल सरस दिसतं, कारण आडव्या रेषा वीस टक्के जास्त. पण त्या रेषांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चालते, पाल टीव्ही २५ ने. सोपा मार्ग म्हणजे सिनेमाच थोडा पळवायचा. त्यामुळे शंभर मिनिटांचा सिनेमा पाल डिस्कवर ९६ मिनिटांत संपतो. कव्हरवर चार मिनिटं कमी दिसली म्हणजे सेन्सॉरने कात्री चालवली असं नव्हे. मात्र वेगाबरोबर आवाजाची पट्टीही चढते, जवळजवळ पाऊण अर्धस्वर. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या उंबरठ्याशी पोचतं. डिस्क बनवणाऱ्याने पट्टी खाली आणली नसेल तर तयार कानाला नायकाचा आवाज पातळ झालेला कळतो. आकडेमोड सोपी आहे. मूळ लांबीला ०.९६ ने गुणा. उत्तर कव्हरवरच्या मिनिटांशी जुळलं तर तो नुसता पालचा वेग. त्याहूनही मिनिटं कमी भरली तर कुठेतरी काटछाट झालेली आहे.

पट्ट्यांचं गणित

शॉ ब्रदर्स स्टुडिओचे ‘द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) सारखे कुंग-फूपट ‘शॉस्कोप’ या रुंद पडद्यासाठी काढलेले आहेत. तिथे चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट असते. जुना टीव्ही उंचीच्या फक्त एक पूर्णांक एक तृतीयांश पट रुंद. व्हीएचएसच्या काळात व्हिडिओ कंपन्या चित्राच्या दोन्ही बाजू छाटून मधला भाग तेवढा दाखवत. त्यात रुंदीतला सुमारे ४३ टक्के भाग जातो. भाषणाच्या प्रसंगात ते खपून जातं. पण दोन योद्धे पडद्याच्या दोन टोकांना उभे असतील, तर एकाचा ठोसा दिसतो आणि तो खाणारा गायब.

डीव्हीडीवर पूर्ण रुंदी आली, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या. तरी पट्ट्या पाहून समाधान मानू नका. पट्ट्या दोन तऱ्हेच्या असतात. जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या ४८० रेषांपैकी बऱ्याच रेषा नुसता काळा रंग साठवण्यात खर्च होतात आणि चित्राला उरतात सुमारे २७२. दुसऱ्या पद्धतीत चित्र आडवं दाबून साठवतात आणि रुंद टीव्ही ते पुन्हा ताणतो, तेव्हा चित्राला सुमारे ३६३ रेषा मिळतात. कव्हरवर ही दुसरी पद्धत ‘ॲनामॉर्फिक’ किंवा ‘१६:९’ या शब्दांनी ओळखू येते. रुंद टीव्हीवर चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट दिसत असेल तर डिस्क पहिल्या प्रकारची. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या नामांकित कंपनीने १९९८ मध्ये काढलेल्या ‘द किलर’ आणि ‘हार्ड बॉइल्ड’ या डीव्हीडी याच जुन्या पद्धतीच्या होत्या. नंतर त्या बाजारातून गेल्या आणि संग्राहकांमध्ये चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. तो भाव दुर्मीळपणाचा होता.

पॉजचं बटण

आता खरी परीक्षा. डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबून भरलेलं असतं, न दाबलेल्या चित्राच्या साधारण विसाव्या हिश्श्यात. ही पद्धत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. साधारण अर्ध्या सेकंदाला एक फ्रेम पूर्ण लिहिते. मधल्या फ्रेमसाठी ‘हा तुकडा तिकडे सरकला, बाकी तसंच’ एवढीच टिपणं ठेवते. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत असतील तर हा हिशेब झकास जमतो. पण काच फुटली, धूर पसरला, पाणी उसळलं, शंभर कबुतरं एकदम उडाली, की काहीच ‘तसंच’ राहत नाही. टिपणं अपुरी पडतात आणि चित्रात चौकोनी ठोकळे उमटतात. मारधाडपट डीव्हीडीचा कस काढतो तो इथे.

म्हणूनच माझी पहिली चाचणी जॅकी चॅनच्या ‘पोलीस स्टोरी’ची (१९८५). शेवटच्या मारामारीत एका शॉपिंग मॉलमधली काचेची जवळजवळ प्रत्येक वस्तू फुटते. तिथे पॉज करा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. उडालेला प्रत्येक तुकडा वेगळा, टोकदार दिसला तर डिस्क उत्तम. तुकड्यांची राखाडी खिचडी झाली असेल तर जागा कमी पडली.

जागेचा हिशेबही घरबसल्या करता येतो. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डिस्कमध्ये ८.५. दोन तासांच्या सिनेमाला पहिलीत सेकंदाला सरासरी सव्वापाच मेगाबिट मिळतात आणि दुसरीत जवळजवळ साडेनऊ, आवाज धरून. चित्रासाठी नियमाने ठरलेली कमाल ९.८. संगणकात डिस्क घालून तिचा आकार पाहिला की निम्मं उत्तर हाती येतं. चोरीच्या डिस्कमध्ये तर दोन थरांचा सिनेमा पुन्हा दाबून एका थरात कोंबलेला असतो. अशी डिस्क उलटी करून पाहा. खालची बाजू जांभळट असेल तर ती घरगुती बर्नरवर भाजलेली आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कची बाजू रुपेरी असते आणि आतल्या कड्याजवळ बारीक अक्षरांत ‘आयएफपीआय’ हा संकेत कोरलेला सापडतो.

जागेची किंमत ओळखून सोनीच्या कोलंबिया ट्रायस्टारने २००१ मध्ये ‘सुपरबिट’ मालिका काढली. मुलाखती, ट्रेलर असा सगळा जादा मजकूर काढून ती जागा चित्र आणि आवाजाला दिली. तिच्या पहिल्या खेपेत ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ होता. बांबूच्या शेंड्यांवरची त्यातली लढाई म्हणजे एमपेगसाठी छळच. हजारो पानं, सगळी हिरवी, सगळी हलती. एका डिस्कमध्ये तीन तासांचे ‘एक्स्ट्रा’ ठासून भरल्याची जाहिरात दिसली की मला ही पानं आठवतात.

पॉज केल्यावर इतरही गोष्टी दिसतात. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा आल्या, तर दोन अर्ध्या फ्रेम नीट जुळलेल्या नाहीत. कधी ते प्लेअरचं काम असतं. दुसऱ्या प्लेअरवर पाहून खात्री करता येते. पण एकाच फ्रेममध्ये एका माणसाचे दोन फिकट हात दिसत असतील, एक वर आणि एक खाली, तर ते प्लेअरचं पाप नाही. पाल मास्टरवरून एनटीएससी डिस्क घाईने बनवताना फ्रेम एकमेकींत मिसळल्या गेल्या. चालत्या चित्रात ही लबाडी मऊ धुरकटपणासारखी भासते आणि ठोशाची धार जाते.

इथे पहिला संशयित विसरू नका. हाँगकाँगचे मारामारी-दिग्दर्शक कॅमेरा मुद्दाम सेकंदाला २२ किंवा २० फ्रेमवर चालवत. मग पडद्यावर हालचाल जास्त वेगवान दिसे. हात थोडे झटक्याने हलले तर ते डिस्कचं अपयश नाही, ती त्या सिनेमाची शैली आहे.

गुळगुळीत म्हणजे चांगलं नव्हे

नव्या डिस्कची चकाकी सर्वांत जास्त फसवते. फिल्मवर रसायनाचे बारीक कण असतात आणि अंधाऱ्या दृश्यांत ते किंचित थरथरताना दिसतात. हे कण घाण नव्हेत. प्रतिमा त्यांचीच बनलेली असते. पण ते थरथरणारे कण दाबणं एमपेगला महाग पडतं आणि दुकानातल्या ग्राहकाला ते जुनाट वाटतात. म्हणून काही कंपन्या संगणकी गाळणीने ते पुसून टाकतात. त्यासोबत त्वचेची छिद्रं, घामाचे थेंब, सदऱ्याचं विणकामही जातं आणि नायक मेणाचा पुतळा होतो. मग हरवलेली धार परत आणायला कडा कृत्रिमरीत्या ठळक करतात. आकाशासमोर उभ्या माणसाच्या खांद्याभोवती पांढरी बारीक रेघ दिसते ती यामुळे. तेजोवलय देवांच्या तसबिरीत शोभतं, ‘द किलर’चा नायक चौ युन-फॅट याच्या खांद्यावर नाही.

यासाठी ‘हार्ड बॉइल्ड’चा (१९९२) चहाघरातला गोळीबार पाहावा. शेवटी चौ युन-फॅटचा चेहरा पिठाने पांढराफटक होतो. चांगल्या डिस्कवर पिठाखालच्या सुरकुत्या, भुवयांत अडकलेली पावडर आणि घामाने पडलेले ओघळ वेगवेगळे कळतात. वाईट डिस्कवर तो नुसता पांढरा चट्टा असतो. अंधाराची चाचणी ‘द किलर’च्या चर्चमध्ये होते. ज्योतींच्या मधल्या काळोखात खांब आणि बाकं दिसली पाहिजेत. सगळं एकसारखं काळं झालं असेल, तर काळ्याच्या छटा गिळल्या गेल्या आहेत.

कानाने पाहणं

आवाजात परदेशी डिस्क सर्वांत जास्त गोंधळ घालते. हाँगकाँगमध्ये १९९० च्या दशकापर्यंत बहुतेक सिनेमे आवाजाशिवाय चित्रित होत आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जात, कँटोनीजमध्ये, मँडरिनमध्ये आणि निर्यातीसाठी इंग्रजीत. कित्येकदा आवाज देणारा माणूसही नटाहून वेगळा असे. त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून डिस्कला दोष देण्यात अर्थ नाही. ठोशाचा आवाज मात्र जुळायला हवा. ठोसा बसायच्या आत ‘ठाप्’ ऐकू आलं, किंवा बसल्यावर थोड्या वेळाने आलं, तर आवाज आणि चित्र सरकले आहेत.

मग मूळ आवाज कोणता? ब्रूस लीच्या ‘द बिग बॉस’ (१९७१) च्या मँडरिन, इंग्रजी आणि पुढे आलेल्या कँटोनीज आवृत्त्यांना पार्श्वसंगीतच निरनिराळं आहे. इंग्रजी आवृत्तीचं संगीत जर्मन संगीतकार पीटर थॉमस यांचं. लहानपणी जे ऐकलं ते ऐकू आलं नाही तर चाहता चिडतो, पण डिस्क कदाचित खरीच असते, फक्त दुसऱ्या आवृत्तीची.

खरी फसवणूक ‘५.१’ या आकड्याआड दडते. पाच पूर्ण वाहिन्या आणि १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी एक, असा त्याचा अर्थ. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल साधारण सेकंदाला ४४८ किलोबिटपर्यंत जातो, डीटीएस ७५४ किंवा १५०९ पर्यंत. आकडे खरे आहेत. पण ‘पोलीस स्टोरी’, ‘द किलर’ किंवा शॉ ब्रदर्सचे कुंग-फूपट मोनो आहेत, सगळा आवाज एकाच धारेतला. त्यांच्या संवाद, संगीत आणि आवाजांच्या वेगळ्या पट्ट्या अनेकदा हाती नसत. अशा वेळी ‘५.१’ करायचं म्हणजे जुन्या गोळ्यांवर नवीन, साठ्यातल्या गोळ्यांचे आवाज चिकटवायचे. वूफर धडाडतो, पाहुणे खूश होतात. पण जुन्या पिस्तुलाचा तो कोरडा, फटाक्यासारखा आवाज नाहीसा होतो, जो त्या सिनेमाच्या लयीचा भाग होता. म्हणून कव्हरवर ५.१ सोबत ‘मूळ मोनो’ असं लिहिलंय का ते मी आधी पाहतो. चांगला मोनो ऐकताना आवाज नेमका पडद्याच्या मधून येतो. मागच्या स्पीकरला कान लावून पाहा. मोनो सिनेमात तिथून गोळ्या सुटत असतील तर त्या दिग्दर्शकाने झाडलेल्या नाहीत.

दोन ध्वनिपट्ट्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. डीटीएस बऱ्याचदा जोरात ऐकू येतो, आणि जोरात म्हणजे चांगलं असं आपल्या कानाला वाटतंच. लग्नाच्या वरातीतही हेच होतं.

कुठल्या देशाची कात्री

चित्र लखलखीत, आवाज खणखणीत, आणि तरी सिनेमा खोटा, असंही होतं. जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर टू’ (१९९४) अमेरिकेत २००० मध्ये ‘द लेजंड ऑफ ड्रंकन मास्टर’ या नावाने आला. इंग्रजी डबिंग, नवं पार्श्वसंगीत, आणि शेवटचा छोटा प्रसंग गायब. तिथल्या डीव्हीडीचं चित्र स्वच्छ होतं, पण कँटोनीज आवाजाचा पर्यायच नव्हता. थायलंडच्या ‘ओंग-बाक’ (२००३) चं संगीत फ्रान्समधल्या वितरकाने परदेशी आवृत्तीत बदललं. ब्रिटनमध्ये नानचाकू पडद्यावर दाखवण्याला सेन्सॉर मंडळाचा अनेक वर्षं विरोध होता. त्यामुळे ‘एंटर द ड्रॅगन’मधली नानचाकूची प्रसिद्ध दृश्यं तिथे कापली गेली आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पूर्ववत झाली. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. ‘शोले’त ठाकूर गब्बरला ठार मारतो तो शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता, आणि तो मूळ शेवट असलेली आवृत्ती पुढे घरच्या पडद्यावर आली तेव्हा लोक दोन ‘शोले’ची तुलना करू लागले.

सबटायटलचीही हीच तऱ्हा. काही डिस्कवर इंग्रजी मजकूर मूळ कँटोनीज संवादांचा नसतो, इंग्रजी डबिंगचाच लिहून काढलेला असतो. कँटोनीज आवाज लावा. पात्र तोंड न उघडता उभं आहे आणि खाली एक वाक्य झळकतंय, असं झालं की ओळखा.

याउलट कधी एखादी कंपनी खऱ्या अर्थाने सिनेमा परत मिळवून देते. शॉ ब्रदर्सचे सुमारे ७६० सिनेमे सेलेस्टियल पिक्चर्सने २००० मध्ये विकत घेतले आणि २००२ च्या अखेरीपासून ते डीव्हीडीवर येऊ लागले. छाटलेल्या, लालसर पडलेल्या, इंग्रजी डबिंगच्या टेपांवर वाढलेल्या चाहत्यांना पहिल्यांदा पूर्ण रुंदी, खरे रंग आणि मँडरिन संवाद मिळाले.

शेवटचा संशयित

निकाल देण्याआधी आपल्या घराची झडती घ्यावी. ५५ इंची फोर-के टीव्हीवर ४८० रेषांचं चित्र ताणून २१६० रेषांचं करावं लागतं. डिस्क कितीही चांगली असली तरी तिथे ती मऊ दिसणारच. ‘व्हिविड’ मोड बंद करा, ‘शार्पनेस’ जवळजवळ शून्यावर आणा, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय काढून टाका. एवढ्यानेच खांद्यावरची निम्मी वलयं विझतात आणि मारामारी पुन्हा सिनेमासारखी दिसते. मग उरेल तो दोष डिस्कचा.

मामेभाऊ आता टोरांटोला असतो. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात अजून हाँगकाँगच्या डीव्हीडी मिळतात म्हणे. अधूनमधून तो एखाद्या कव्हरचा फोटो पाठवतो आणि विचारतो, “चांगली आहे का रे ही, घेऊ?” पूर्वी मी कव्हर पाहून सांगायचो. आता लिहितो, “मागची बाजू पाठव. किती मिनिटं लिहिलीयत ते बघू.”